वसाहतीच्या बागेतील खेळण्यांचे बोल्ट : प्रकल्प नोंदी, राजारामपुरी, कोल्हापूर

१२ जानेवारी २०२५

बागेतील खेळणी आणि व्यायामाची साधने यांची पाहणी आज पूर्ण केली. सांगाडे, पाइप आणि वेल्डिंग चांगल्या स्थितीत आहेत. जे काही सैल, वाकडे किंवा बंद पडलेले आहे ते जवळजवळ सगळे जोडांच्या जागी आहे. सी-सॉच्या एका बैठकीचा बोल्ट नाहीसा झाला असून उरलेल्या एकाच बोल्टावर ती बैठक गोल फिरते. एअर वॉकरच्या (उभ्याने पाय पुढे-मागे झुलवण्याच्या साधनाच्या) पायपट्टीचे गोल डोक्याचे ॲलन बोल्ट ढिले झाले आहेत, परंतु त्यांच्या षट्कोनी खाचा झिजून वाटोळ्या झाल्यामुळे ते ना आवळता येतात ना काढता येतात. घसरगुंडीच्या कठड्याला साधे षट्कोनी डोक्याचे बोल्ट असून ते कोणत्याही पान्याने निघतात, आणि त्यांतले काही निघालेही आहेत.

यावर दोन सूचना पुढे आल्या. पहिली अशी की प्रत्येक बोल्टाला वेल्डिंगचा टाका मारून विषय संपवावा. दुसरी अशी की बाजारात मिळणारे 'कुणालाच न उघडणारे' बोल्ट आणून बसवावेत. मला दोन्ही सूचना मान्य नाहीत, आणि त्याचे कारण एकच आहे. झोपाळ्याचे कडे, एअर वॉकरचा बुश (फिरत्या जोडातील नळीसारखे अस्तर), सी-सॉची बैठक या झिजणाऱ्या वस्तू आहेत आणि त्या बदलाव्याच लागतात. टाका मारलेला बोल्ट पुढच्या वेळी ग्राइंडरनेच कापावा लागतो, त्यात पाइपावरचा जस्ताचा थर किंवा रंग जळतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. म्हणून या कामाचे उद्दिष्ट मी असे लिहून ठेवत आहे : मुलांच्या हाताने किंवा घरातल्या पान्याने जोड उघडू नये, आणि ज्याच्याकडे देखभाल असेल त्याला तो काही वर्षांनंतरही सहज उघडता यावा. या दोन अटींपैकी दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि बोल्ट निवडताना नेमकी तीच विसरली जाते.

१९ जानेवारी

सर्व बोल्टांची मापे व्हर्निअरने घेतली. एअर वॉकरच्या पायपट्टीचे बोल्ट एम ८ मापाचे, म्हणजे ८ मिमी जाडीच्या आट्याचे, आणि बटन हेडचे, म्हणजे बसक्या गोल डोक्याचे. त्यांना ५ मिमीची ॲलन की लागते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण एकाच एम ८ आट्याच्या बोल्टाला डोक्याच्या प्रकाराप्रमाणे तीन वेगळ्या किल्ल्या लागतात. उभ्या दंडगोल डोक्याच्या नेहमीच्या ॲलन बोल्टाला ६ मिमी, बटन हेड आणि काउंटरसंकला (पृष्ठभागात बुडणाऱ्या शंकूच्या डोक्याला) ५ मिमी, आणि बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला ४ मिमी. एम १० च्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे ८, ६ आणि ५ होतात.

खाचा वाटोळ्या का झाल्या याचे उत्तर पहारेकऱ्याच्या खोलीतील हत्यारांच्या डब्यात सापडले. डब्यातील ॲलन कींचा संच इंची मापाचा आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; दीड सुती की, म्हणजे ३/१६ इंचाची, ४.७६ मिमी भरते. ती ५ मिमीच्या खाचेत सहज शिरते, पण ०.२४ मिमीची मोकळीक ठेवून. सव्वा सुती की ३.९७ मिमी, आणि अडीच सुती ७.९४ मिमी असते. या दोन्ही ४ आणि ८ मिमीच्या खाचेत वापरल्या तरी सहसा निभावते, आणि त्यामुळेच 'इंची की चालते' असा समज पक्का होतो. दीड सुतीला मात्र ते अजिबात लागू पडत नाही.

षट्कोनी की खाचेत फिरू लागली की तिच्या सपाट बाजू खाचेच्या बाजूंना पूर्ण टेकत नाहीत. सगळा जोर सहा कोपऱ्यांजवळच्या अरुंद पट्ट्यांवर येतो. मोकळीक जितकी जास्त तितका हा पट्टा कोपऱ्याच्या टोकाकडे सरकतो, आणि जोराचा बराच भाग बोल्ट फिरवण्याऐवजी खाच बाहेरच्या दिशेने फाकवण्यात जातो. बटन हेडमध्ये हा प्रश्न आणखी तीव्र होतो. एम ८ च्या दंडगोल डोक्याची उंची पूर्ण ८ मिमी असते, तर बटन हेडची केवळ ४.४ मिमी, म्हणजे खाच उथळ, कीही एक माप लहान. हे डोके दिसायला सुबक आहे आणि कपडे किंवा कातडी त्यात अडकत नाही, म्हणून खेळण्यांवर तेच योग्य. परंतु त्याला मोठा जोर सोसत नाही, हे मानकांतही स्पष्ट नमूद आहे.

इंची संच डब्यातून काढून वेगळा ठेवला. तो चांगल्या प्रतीचा आहे; जुन्या इंची यंत्रांवर तो लागेलच.

२ फेब्रुवारी

आज वाटोळे झालेले बोल्ट काढण्याचे काम केले. हे सविस्तर लिहितो, कारण अशी वेळ प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक तालमीत आणि प्रत्येक शाळेच्या मैदानावर येते, आणि घाईने काम केले तर चांगला पाइपही वाया जातो.

आदल्या संध्याकाळी सर्व आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. सकाळी प्रथम प्रत्येक खाचेतील माती आणि जुना रंग टोकदार सळीने खरवडून काढला. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण खाचेच्या तळाशी अर्धा मिलिमीटर रंग साचलेला असला तरी की पुरती बसत नाही, आणि उथळ खाचेत अर्धा मिलिमीटर फार मोठा असतो. नंतर डोक्यावर पितळी सुंबा ठेवून हातोडीचे सरळ, मोजके ठोके दिले. ठोक्याने गंजाची पकड तुटते आणि तेल आत उतरते.

ज्या खाचा थोड्याच झिजल्या होत्या त्यांतील बोल्ट नव्या, धारदार कोपऱ्यांच्या ५ मिमी कीने निघाले. यासाठी बॉल-एंड की वापरलेली नाही. गोळा असलेले टोक सुमारे २५ अंशांपर्यंत तिरके धरूनही बोल्ट फिरवता यावा म्हणून असते. त्याची मान बारीक असते, आणि गच्च बोल्टावर ती मान पिळवटते किंवा तुटून गोळा खाचेतच राहतो. गच्च बोल्ट पहिल्यांदा सैल करायला आणि शेवटचा आवळ द्यायला सरळ टोकच वापरावे.

पूर्ण वाटोळ्या खाचांसाठी टी-३० मापाचा स्टार बिट, म्हणजे सहा पाकळ्यांच्या टोकाची की, ठोकून बसवला. टी-३० ची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी ५.६ मिमी असते. ५ मिमी षट्कोनाचे मूळ कोपरे झिजून गेलेले असले की बिटाची सहा टोके खाचेच्या भिंतीत नवे चर पाडून घट्ट रुततात. फिरवताना बिट सतत आत दाबून धरावा लागतो, आणि झटक्याऐवजी हळूहळू वाढणारा जोर द्यावा लागतो. बहुतेक बोल्ट याच पद्धतीने निघाले.

जे उरले त्यांची डोकी ड्रिलने उडवली. षट्कोनी खाच ड्रिलला आपोआप मधोमध धरते, त्यामुळे केंद्र सापडण्याची अडचण येत नाही. आधी लहान, मग ८ मिमीचा ड्रिल घेऊन डोक्याच्या जाडीइतकेच खोल गेले की डोके रिंगणासारखे सुटून येते. डोके सुटले की बोल्टावरचा ताणच संपतो, आणि मागे राहिलेला दांडा अनेकदा पकडीने, क्वचित बोटांनीही फिरतो. ईझी आउट (तुटका बोल्ट आतून पकडून काढणारे उलट्या आट्यांचे हत्यार) वापरण्याची वेळ आली नाही, आणि ती येऊ नये असेच माझे मत आहे : ते हत्यार अतिशय कठीण पोलादाचे आणि ठिसूळ असते, ते आत तुटले तर साध्या ड्रिलने ते निघत नाही, आणि एका बोल्टाच्या जागी दोन अडचणी उभ्या राहतात.

९ फेब्रुवारी

शिवाजी उद्यमनगरातील ओळखीच्या कारखान्यात टर्नरमामांच्या टेबलावर वेगवेगळ्या प्रकारचे सुरक्षित बोल्ट मांडून तपासले. मामांनी पट्ट्यांवर चालणारी लेथ यंत्रे पाहिलेली आहेत, त्यामुळे बोलणे साहजिकच ॲलन बोल्टाच्या जन्मावर गेले. छताखालून फिरणाऱ्या शाफ्टवर पुल्या आवळून धरण्यासाठी पूर्वी चौकोनी डोक्याचे सेट स्क्रू असत. ती डोकी बाहेर आलेली असत, आणि फिरत्या शाफ्टवर सदरा किंवा धोतराचा सोगा अडकला की माणूस ओढला जाई. डोके काढून टाकून स्क्रूच्या आतच खाच घ्यावी हा त्यावरचा उपाय होता. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ॲलन कंपनीने १९१० पासून असे स्क्रू 'सेफ्टी सेट स्क्रू' म्हणून विकले. मुलांच्या खेळण्यावर बाहेर काही डोकावू नये म्हणून आज आम्ही आत खाच असलेला बोल्ट निवडतो, तेव्हा तो मूळच्या हेतूलाच धरून आहे, याचे मला समाधान वाटते.

सुरुवातीला ही की थोड्यांकडेच असल्यामुळे ॲलन बोल्ट आपोआप काहीसा सुरक्षितही होता. आता घरी जोडायच्या फर्निचरबरोबर, सायकलबरोबर ती मिळते, त्यामुळे ते संरक्षण संपले. कॅमकार कंपनीने १९६७ मध्ये काढलेल्या टॉर्क्स या सहा पाकळ्यांच्या खाचेचेही तसेच झाले. आपल्याकडे तिला सरळ 'स्टार' म्हणतात आणि स्टार बिट लक्ष्मीपुरीतल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मध्ये खुंटी असलेल्या स्टारचे भोकाचे बिटही आता संचात सर्रास येतात. म्हणजे कोणतीही खाच कायमची गुप्त राहत नाही. तिचा उपयोग एवढाच की जाता जाता उघडणाऱ्याला ती थांबवते. ग्राइंडर घेऊन आलेल्याला कोणताच बोल्ट थांबवत नाही, आणि त्यासाठी कुंपण, दिवा व पहारा हेच उपाय आहेत.

प्रकारांची तपासणी पुढीलप्रमाणे झाली. खुंटीचा षट्कोन, म्हणजे मध्ये खुंटी असलेली ॲलन खाच, दिसायला पुरेशी आहे. पण तिच्या कीला मधोमध भोक असल्यामुळे ५ मिमीची मूळचीच बारीक की आणखी अशक्त होते, आणि बटन हेडच्या उथळ खाचेत ती लवकर जाते. दोन भोकांचे डोके फलकासाठी ठीक आहे, भार घेणाऱ्या जोडासाठी नाही, कारण सर्व जोर दोन लहान टोकांवर येतो आणि टोकदार पकडीनेही ते फिरते. एकमार्गी चिरेचा स्क्रू साध्या पेचकसाने आवळता येतो, पण उलट फिरवताना चिरेच्या उतरत्या बाजूंवरून पेचकस घसरतो. तो कायमच्या पाटीसाठी योग्य, आणि आमच्या दुसऱ्या अटीत नापास. तुटक्या माथ्याचा नट मला त्याच्या जागी फार आवडला : त्याचा खालचा भाग शंकूसारखा आणि वरचा षट्कोनी असतो, ठरलेल्या जोराला षट्कोन तुटून हातात येतो आणि मागे पान्याला पकडच न मिळणारा गुळगुळीत शंकू उरतो. पायाच्या बोल्टांना, जे काढण्याचे कारणच सहसा येत नाही, तो उत्तम.

मामांनी आपल्याकडची जुनी युक्तीही दाखवली. साधा ॲलन बोल्ट आवळून झाला की त्याच्या खाचेत बेअरिंगचा नेमका मावणारा छर्रा ठोकून बसवतात. छर्रा कठीण असल्याने त्यात ड्रिलही नीट चालत नाही. खर्च जवळजवळ शून्य आहे. तरीही मी ती स्वीकारलेली नाही, कारण पुढच्या माणसाला तो बोल्ट काढताना कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

खुंटीच्या स्टारमध्ये पाकळीची बाजू जवळजवळ त्रिज्येच्या दिशेने उभी असते. षट्कोनात जोराची दिशा ६० अंशांनी कललेली असते, तर इथे ती साधारण १५ अंशांवर येते. त्यामुळे हाताचा जोर खाच फाकवण्यात न जाता बोल्ट फिरवण्यात जातो. बिटाला भोक असूनही एम ८ बटन हेडला लागणारा टी-४० बिट ६.७५ मिमी रुंद असतो, आणि ५ मिमीच्या भोकाच्या षट्कोनी कीपेक्षा तो कितीतरी भक्कम ठरतो. टेबलावरच्या शिकंजात बोल्ट धरून दोन्ही ताकदीने आवळून पाहिले तेव्हा फरक हाताला स्पष्ट जाणवला.

२३ फेब्रुवारी

निर्णय झाला. देखभाल लागणाऱ्या सर्व जोडांना खुंटीचे स्टार बटन हेड, एम ८ ला टी-४० आणि एम १० ला टी-५०, दोनच मापे. पायाच्या बोल्टांना तुटक्या माथ्याचे नट. फलकाला एकमार्गी स्क्रू. बोल्टांचा धातू ए२-७० स्टेनलेस, ज्याची ताणशक्ती किमान ७०० मेगापास्कल असते. 'बारा-नऊ'चे, म्हणजे १२.९ या उच्च ताकदीच्या श्रेणीचे, काळे एचटी (हाय टेन्साइल) बोल्ट का नकोत असा प्रश्न आला होता. ते निःसंशय अधिक ताकदवान आहेत, पण त्यांच्यावर केवळ काळा थर असतो, आणि रंकाळ्याच्या शहरातील पावसात तो थर टिकणार नाही. इथे बोल्ट तुटण्याचे भय नाही. गंजून अडकण्याचे आहे.

१६ मार्च

बसवण्याचे काम सुरू. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा आणि वेगाने फिरवला तर आट्यांचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून तो अर्ध्या वाटेत कायमचा जाम होतो. मग तो पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. म्हणून प्रत्येक आट्याला अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावले, सुरुवातीचे फेरे हाताने दिले, आणि मदतीला आलेल्या तरुणांना इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवायला सांगितले. अँटी-सीझमुळे घर्षण कमी होते आणि त्याच आवळात बोल्टावर ताण अधिक येतो, त्यामुळे टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) कोरड्या आट्यांसाठीच्या आकड्यापेक्षा कमी लावून घेतला.

६ एप्रिल

आज नटांच्या बाजूचे काम. पुढून खुंटीचा स्टार आणि मागे साधा १३ मिमीचा नट असेल तर पुढच्या सुरक्षेला काहीच अर्थ उरत नाही, कारण बोल्ट मागूनच सुटतो. बाजारातून तयार आलेल्या बऱ्याच साधनांवर हाच दोष दिसतो. जिथे शक्य होते तिथे पट्टीच्या आतल्या अंगाला नट वेल्ड करून घेतला आणि मग जस्ताचा रंग दिला. हे वेल्डिंग आणि बोल्टाला मारलेला टाका यांत मूलभूत अंतर आहे : इथे नट पट्टीला कायमचा जोडला आहे, बोल्ट मोकळाच राहतो. फिरणाऱ्या जोडांवर, जिथे बोल्ट पूर्ण आवळायचा नसतो, तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने आपोआप सैल न होणारा नट) वापरून वर घुमटी बसवली. युरोपातील खेळण्यांसाठीच्या ईएन ११७६ मानकात जोड हत्याराशिवाय उघडू नयेत आणि बाहेर आलेले आटे झाकलेले असावेत अशी अपेक्षा आहे. आम्ही तीच कसोटी लावली.

फलकाचे काम थोडक्यात संपले. जुने स्क्रू पोझिड्राइव्ह निघाले, ज्यांच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मध्ये चार बारीक रेघा असतात. कोणी तरी फिलिप्सचा पेचकस वापरून ते खराब केले होते. जपानी घडणीच्या दुचाकींवरील फुलीच्या स्क्रूंचेही आपल्याकडे असेच हाल होतात, कारण तीही फुली फिलिप्सची नसते.

२० एप्रिल

किल्ल्यांची व्यवस्था. टी-४० आणि टी-५० चे भोकाचे बिट, त्यांचा हँडल, आणि राखीव बोल्ट व नट यांचा एक डबा पहारेकऱ्याच्या खोलीत, तसाच दुसरा वाचनालयाच्या कपाटात ठेवला. डब्याच्या झाकणाच्या आत प्रत्येक साधनाचा जोड, बोल्टाची लांबी, बिटाचे माप, नट कोणत्या बाजूला आहे आणि तो वेल्ड केलेला आहे की मोकळा, हे न पुसणाऱ्या शाईने लिहिले. हीच माहिती नोंदवहीतही आहे. हत्यारे फक्त माझ्याकडे असावीत अशी सूचना काही जणांनी आपुलकीने केली, पण ती मी नाकारली. किल्ली एका माणसाच्या घरात राहिली की तो गावाला गेल्यावर सैल झालेली बैठक तशीच राहते, आणि त्या बैठकीवर मूल बसते. माळीकाका आणि दोन्ही पहारेकऱ्यांना बोल्ट काढून पुन्हा बसवून दाखवले, आणि नंतर त्यांच्याकडून करून घेतले. माळीकाकांचा हात आमच्या सर्वांपेक्षा स्थिर आहे. महिन्याची तपासणी त्यांनी आनंदाने स्वीकारली.

१७ ऑगस्ट

जून आणि जुलैच्या पावसानंतरची तपासणी. एकही बोल्ट नाहीसा झालेला नाही. पायाच्या एका शंकूवर पाना लावून पाहिल्याचे ओरखडे आहेत, नट जागचा हललेला नाही. एअर वॉकरचे बोल्ट घट्ट आवळलेलेच आहेत. जस्ताच्या पाइपावर स्टेनलेसचा बोल्ट बसला की ओलाव्यात जस्त झिजते अशी शंका होती, परंतु बोल्टाचे क्षेत्रफळ पाइपाच्या मानाने अगदी थोडे असल्याने वायसरच्या कडेला फक्त पांढुरकी झाक दिसते. ती पुसून रंग दिला.

एक अडचण मात्र खरी आहे. सी-सॉच्या बैठकीचे बोल्ट वर तोंड करून आहेत, आणि त्यांच्या पाकळ्यांत चिखल साचून खुंटीभोवती घट्ट बसला आहे. साध्या खाचेतला चिखल एका फटक्यात निघतो. खुंटी असली की तो अरुंद वर्तुळात अडकतो, आणि बिट वरवर बसल्यासारखा वाटूनही तळाला पोहोचत नाही. अशा अर्धवट बसलेल्या बिटाने जोर केला तर खुंटी, पाकळ्या आणि बिट तिन्ही जातात. सायकलच्या आऱ्याचे टोक चपटे करून माळीकाकांनी त्यासाठी एक बारीक खरवडणी तयार केली. ती दोन्ही डब्यांत ठेवली आहे. स्वच्छ केलेल्या खाचा घट्ट ग्रीसने भरल्या.

बैठकीचे बोल्ट खालून वर घालता येतील, म्हणजे तोंड जमिनीकडे राहील आणि पाणी साचणार नाही. त्यासाठी बैठकीच्या पट्टीत वरच्या अंगाला बसणारे सपाट वेल्ड-नट लागतील. उद्यमनगरात तसे नट सांगितले आहेत. टी-४० बिटाच्या पाकळ्यांची टोके मऊ पडू लागली असल्याने नवीन बिट दोन्ही डब्यांसाठी मागवायचे आहेत, आणि जुने तिथून लगेच काढून टाकायचे आहेत. दसऱ्याआधी हे काम उरकायचे ठरले.